न उघडता तपासणारा

"हात लागलाय काय कोनाचा? न्हाय ना? मंग उघडतोस कशाला?"

खुर्ची मागच्या दोन पायांवर कललेली, पाठ भिंतीला टेकलेली, दोन्ही हात डोक्यामागे. अशा थाटात बसून तो हे विचारायचा. ड्रॉइंगच्या गुंडाळ्यांबद्दल विचारायचा तसंच जेवणाच्या डब्याबद्दलही. दुपारी मी डबा वास घेऊन बघायचो, सकाळची आमटी उतरली तर नाही ना, म्हणून. उन्हाळ्यात उतरते, काय करणार? तर हा पलीकडून म्हणणार, झाकणाला कोणाचा हात लागलाय काय? सकाळी बरी होती ना? मग आताही बरीच असणार. आणि खरंच ती बरी असायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा तो यामुळेच.

नाव नको त्याचं. कारखान्यात त्याला सगळे उत्तनवाला म्हणत, मीही तेच म्हणतो. भाईंदरजवळच्या उत्तन गावचा ख्रिश्चन, घरची होडी, बाप आणि भाऊ दर्यावर जाणारे. हा एकटा शिकून ड्राफ्ट्समन झालेला. माझ्याच वयाचा, माझाच कोर्स केलेला. मी मूळचा चिपळूणकडचा. मी भाईंदर पूर्वेला एका खोलीत बिऱ्हाड केलं होतं. केबिन रोडच्या पुढे, मिठागरांच्या बाजूला पंप बनवणारा एक कारखाना होता. तिथल्या ड्रॉइंग ऑफिसात आम्ही दोघं समोरासमोरच्या टेबलांवर बसत होतो. ही साठ-सत्तरच्या सुमाराची आणि त्यानंतरच्या काही वर्षांची गोष्ट.

आता एक सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुमचा गैरसमज नको. मी त्याच्यावर जळायचो. हेवा-बिवा असले सभ्य शब्द मला नकोत. सरळ जळायचो. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेलच. उशिरा येतो, लवकर उठतो, मधल्या वेळात सगळ्यांना हसवतो आणि वर्षाच्या शेवटी त्याचं काम कुठेही कमी भरत नाही. अशा माणसाकडे तुम्ही कौतुकाने बघत असाल तर तुमचं मन मोठं आहे. माझं नव्हतं.

त्याचं अक्षर बघायला हवं होतं. ड्रॉइंगवर आकडे आणि अक्षरं घालायची तर मी आधी बारीक रेघा आखून घ्यायचो, मग जीव मुठीत धरून एकेक अक्षर काढायचो. हा गप्पा मारता मारता, रेघ न आखता ओळ लिहून जायचा आणि ती छापल्यासारखी यायची. मी एकदा त्याचा कागद उचलून पट्टी लावून बघितला. ओळ सरळ होती. त्याने मला पट्टी लावताना पाहिलंही, पण काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

घरीही तेच. एका रविवारी चर्चमधली मास आटोपून तो आमच्याकडे आला, पानात बांधलेले ताजे बोंबील घेऊन. त्यानंतर महिन्यातून एकदा तरी यायचाच. आमची ही तशी कोणापुढे पटकन बोलणारी नव्हे. पण भावजी भावजी करत त्याच्याशी अर्धा अर्धा तास बोलायची आणि कुरकुरीत तुकडे त्याच्या ताटात पडायचे. तो गेल्यावर म्हणायची, किती मोकळा माणूस आहे, नाही? मी म्हणायचो, मोकळा नाही, रिकामा आहे. ती हसायची. तिला सगळं कळत होतं, पण तुकड्यांच्या वाटणीत त्यामुळे काही फरक पडला नाही.

माझ्याकडे एकच गोष्ट होती, नजर. माझं काम तपासण्याचं, आणि त्या कामात मला तोड नव्हती हे मीच नाही, सगळा कारखाना म्हणायचा. ते काम काय होतं ते थोडं सांगायला हवं. प्रत्येक भागाचं मूळ ड्रॉइंग शाईने अर्धपारदर्शक कागदावर काढलेलं असायचं. त्याला ट्रेसिंग म्हणत. त्यावरून अमोनियाच्या मशीनवर छापे काढायचे आणि ते छापे खाली शॉपमध्ये कारागिरांकडे जायचे. कारागीर छाप्यावरचं माप वाचणार आणि तसं लोखंड कापणार. म्हणजे ट्रेसिंगवर माप बदललं आणि खालचा छापा जुनाच राहिला, तर अख्खा माल भंगारात.

आता माप बदललं की कोपऱ्यात तशी नोंद करायची, नवा छापा काढायचा, जुना फाडायचा, असा नियम होता. पण नियम पाळणार कोण? आमचे धाकटे शेठ स्वतः इंजिनियर. मनात आलं की मांडणीतून एखादी गुंडाळी काढायची, ब्लेडने आकडा खरवडायचा, वर नवा लिहायचा आणि गुंडाळी परत ठेवून निघून जायचं. कोणाला सांगणं नाही, नोंद नाही. मालकाला कोण बोलणार? म्हणून रोज सकाळी मी प्रत्येक गुंडाळी सोडायचो, ट्रेसिंग टेबलावर पसरायचो आणि शेवटच्या छाप्याशी आकडा न् आकडा ताडून बघायचो. सगळं जुळलं की ओके द्यायचो, मगच खाली काम सुरू. जेवणाची सुट्टी जवळ यायची तरी खाली कातकामाचे काही लेथ माझ्या ओकेची वाट बघत उभे असायचे. कारागीर कुरकुरत. मला त्याचं दुःख नव्हतं. माझ्यामुळे सगळे थांबतात यात, खरं सांगतो, मला बरं वाटायचं.

आमच्या ऑफिसचे मुख्य ड्राफ्ट्समन म्हणजे काका. खिडकीजवळची हातांची खुर्ची त्यांची. काका सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, बघा, याला म्हणतात बैठक. मी मान वर करायचो नाही, पण कान तिकडेच असायचे. आणि काकांची निवृत्ती जवळ आली होती. त्यांची ती खुर्ची मला हवी होती. पगार वाढेल म्हणून नाही, म्हणजे तेही होतंच, पण खरं कारण वेगळं. त्या खुर्चीत बसलं की उत्तनवाला मला साहेब म्हणणार होता.

तेवढ्यात त्याने ती भानगड काढली.

झालं असं की मी दोन दिवस तापाने घरी होतो आणि सकाळचं तपासणं त्याच्या गळ्यात पडलं. पहिल्या दिवशी त्याने मुकाट्याने सगळ्या गुंडाळ्या सोडल्या आणि परत बांधल्या. दुसऱ्या दिवशी येताना घरून जाळ्याच्या दोरीचं एक रीळ घेऊन आला. आमच्या गुंडाळ्या कापडी फितीने बांधलेल्या असायच्या आणि आम्ही सगळे मारायचो साधी सुरगाठ, ओढली की सुटणारी. याने सगळ्या फिती काढून टाकल्या आणि प्रत्येक गुंडाळी त्या दोरीने बांधली. गाठ कुठली, तर कोळी जाळं विणताना मारतात ती. गाठी सगळ्या पुढच्या बाजूला, मांडणीसमोर उभं राहिलं की दिसतील अशा.

तिसऱ्या दिवशी मी कामावर आलो तर हा मांडणीसमोर हात पाठीमागे बांधून उभा. एक नजर फिरवली, दोन गुंडाळ्या बाहेर काढल्या आणि म्हणाला, "ह्या दोन बघ. बाकीच्यांना हात लागला न्हाय."

मला आधी कळलंच नाही. मग त्याने समजावलं. कोणीही गुंडाळी सोडली की परत बांधताना तो आपली नेहमीची सुरगाठ मारणार. जाळ्याची गाठ इथे कोणाला येतेय? तेव्हा जिथे जाळ्याची गाठ शाबूत आहे ती गुंडाळी कोणी सोडलेली नाही, आणि जी सोडलेली नाही तिच्यात बदल कुठून होणार? तपासायच्या त्या फक्त सुरगाठवाल्या. त्यासाठी कोणी नियम पाळायला नको, नोंद करायला नको, शेठना काही सांगायला नको. त्यांनी आपलं खुशाल खरवडावं. गाठच सांगेल.

त्या दिवशी पहिल्या चहाच्या आधी ओके खाली गेला. शॉपमधले फोरमन वर येऊन त्याच्या पाठीवर थाप मारून गेले. मी माझ्या टेबलाशी बसून होतो आणि हातांचं काय करावं ते मला सुचत नव्हतं. इतकी वर्षं रोज सकाळी मी त्या फिती सोडत होतो, बांधत होतो, माझ्या बोटांतून त्या गाठी रोज जात होत्या, आणि मला हे दिसलं नाही. नजर म्हणे.

धाकट्या शेठनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. त्यांना कल्पना आवडली होती, पण माणूस धंद्याचा. एक छापा चुकीचा गेला तर किती लोखंड वाया जातं ते त्यांना बरोबर ठाऊक होतं. मला म्हणाले, "तुम चेक करो. जैसे ड्रॉइंग चेक करते हो, वैसेही. बराबर लगे तो साइन मारो." मग खिडकीबाहेर बघत, सहज बोलल्यासारखं म्हणाले की काका जाणार आहेत, त्या जागेचंही त्यानंतर बघू.

झालं. म्हणजे मी सही केली की खुर्ची त्याची, आणि खोट सापडली की माझी. हे आम्हा दोघांनाही कळलं. केबिनबाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "नीट बघ हां. सोडू नको." मी म्हटलं, सोडणार नाहीच. तो हसला. मी हसलो नाही.

मी कसा मागे लागलो त्या पद्धतीच्या, काय सांगू. खोट शोधायला इतका जीव मी स्वतःच्या कामातही कधी ओतला नव्हता. आधी ती गाठ सोडून तशीच मारता येते का ते करून बघितलं. नाही आली. ऑफिसातल्या बाकीच्यांना करायला लावलं, कोणालाच आली नाही. खाडीच्या दमट हवेने दोरी सैल पडते का बघितलं. ती दोरी समुद्रात राहणारी, तिला आमच्या हवेचं काय? गाठ न सोडता गुंडाळी दोरीतून सरकवून काढता येईल का, तेही बघितलं. कागदाच्या कडा चुरगळायच्या, म्हणजे तेही लपत नव्हतं. प्रत्येक वेळी मी शंका घेऊन त्याच्याकडे जायचो, तो लक्ष देऊन ऐकायचा, कधी कधी खूश होऊन मांडीवर थापही मारायचा, आणि उत्तर तयार. काकांनी विचारलं, झाली का रे सही? मी म्हटलं, घाई नाही.

पण एक गोष्ट मी केली होती. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन मी जुन्या पद्धतीने सगळ्या गुंडाळ्या बघत होतो. गाठ शाबूत असली तरी सोडायचो, ताडायचो आणि बाजूला ठेवायचो. मग उत्तनवाला येऊन त्या पुन्हा त्याच्या गाठीने बांधायचा. गाठ काही म्हणो, आत काय आहे ते मी डोळ्यांनी बघणार. माझी तपासणी म्हणजे तपासणी.

आणि एका सकाळी सापडलं. गुंडाळीवर जाळ्याची गाठ, घट्ट, नीट, पुढच्या बाजूला. आत मात्र मधल्या भोकाचं माप खरवडलेलं, वर धाकट्या शेठचा तिरपा आकडा. मी आधी त्याचा जुना छापा खाली जाण्यापासून थांबवला. गाठ सोडण्याआधी मी ती नीट बघितली होती. कुठेही फरक नाही. क्षणभर वाटलं, यानेच तर नाही ना केलं काही? पण हा आळशी असेल, लबाड नव्हता. आणि स्वतःचीच पद्धत कोण पाडेल?

उत्तर दुपारी मिळालं. अमोनियाच्या मशीनवर पास्कल म्हणून आमचा एक जुना माणूस होता. छापे काढण्याचं काम त्याचं. मी मुद्दाम त्याच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. पास्कलने छापा काढला, ट्रेसिंग गुंडाळलं आणि खिडकीबाहेर बघत, माझ्याशी बायकोच्या दम्याबद्दल बोलत, दोरी गुंडाळून गाठ मारली. जाळ्याची गाठ. हाताकडे बघितलंसुद्धा नाही. पास्कल उत्तनचाच होता. लहानपणापासून जाळी शिवलेली. फीत होती तोवर तो आमच्यासारखी सुरगाठ मारायचा, पण बोटांत जाळ्याची दोरी आली की बोटं आपोआप तिकडे वळायची. त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला की आदल्या संध्याकाळी शेठ मशीनपाशी आले होते, तिथेच उभ्या उभ्या त्यांनी ब्लेड चालवलं आणि बांधून ठेव म्हणाले. त्याने बांधून ठेवलं.

मला जो आनंद झाला त्याबद्दल मला आजही जराही वाईट वाटत नाही. मी हक्काने मिळवला होता तो. त्या रात्री घरी मी दोनदा भात घेतला आणि हिने विचारलं, आज काय विशेष? मी म्हटलं, काही नाही.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये शेठ, काका, तो आणि मी. दारात पास्कल. पास्कलकडून पुन्हा बांधून घेतलेली ती गुंडाळी मी टेबलावर ठेवली आणि उत्तनवाल्यालाच विचारलं, ही कोणी सोडली आहे का? त्याने गाठ बघितली आणि नाही म्हणाला. मग मी ती सोडली, पसरली आणि खरवडलेल्या आकड्यावर बोट ठेवलं. शेठनी स्वतःचा आकडा ओळखला आणि घसा खाकरला. मग मी पास्कलला दोरी दिली आणि सांगितलं, बांध. पास्कलने बांधली.

उत्तनवाल्याने ती गाठ हातात घेऊन बघितली. त्याचा चेहरा पडलेला मला बघायचा होता. मी वाटच बघत होतो. आणि तो हसायला लागला. पोट धरून हसला. पास्कलला म्हणाला की तुझ्या बापाने तुला शिकवली, माझ्या बापाने मला, आणि मी येडा समजत होतो की इथे हिला ओळखणारा मी एकटाच. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सोडलं न्हाईस तू. बरं केलंस. चांगली पकडलीस." आणि ते त्याने इतक्या मनापासून म्हटलं की माझा सगळा विजय तिथल्या तिथे मातीत गेला.

मग तो लगेच दुरुस्तीला लागला, जणू मी त्याला मदत करायलाच आलो होतो. जो सोडेल त्याने गुंडाळी उघडीच ठेवायची, असं म्हणाला. मी म्हटलं, पास्कलला सांगून उपयोग नाही, बोलता बोलता बांधून टाकेल. पास्कलही म्हणाला की खरं आहे, हात ऐकत न्हाय. तर मग बांधायचं काम एकाकडेच द्यावं, असं ठरलं. जो तपासतो त्यानेच, तपासल्याबरोबर, हातातून खाली ठेवायच्या आत बांधायचं. म्हणजे मी. पण मला ती गाठ कुठे येत होती?

उत्तनवाल्याने मला शिकवायला घेतलं. तिथेच, शेठच्या टेबलाशी. माझी बोटं धरून दोरी इकडून घे, तिकडून घाल, आता वळव, आता ओढ. त्याच्या बोटांना अमोनियाचा आणि कसलातरी खारट वास होता. मला घाम फुटला. काका बघतायत, शेठ बघतायत, पास्कल तोंड दाबून हसतोय. एकदा केलं, सुटलं. पुन्हा केलं, पुन्हा सुटलं. त्यानंतर एक गाठ बसली, पण ती काही त्याच्या गाठीसारखी नव्हती. कुठेतरी एक वेढा उलटा गेला होता आणि मधे एक गुठळी आली होती. मी चिडून ती सोडायला गेलो.

त्याने माझा हात धरला. गाठ उलटीपालटी करून बघितली, पास्कलला दिली, म्हणाला, मार अशी. पास्कलने प्रयत्न केला, त्याची सरळच आली. पुन्हा केला, पुन्हा सरळ. मग उत्तनवाल्याने स्वतः करून बघितली, त्याच्याही हाताला ती चूक जमेना.

मग तो शेठना म्हणाला, "हीच ठेवा. अशी चुकलेली गाठ सगळ्या उत्तनात कोनाला येनार न्हाय." आणि मला म्हणाला, "सुधारू नको हां. अशीच मार."

मी सही केली. पद्धत लागू झाली. खाली लेथ सकाळीच फिरायला लागले. आणि महिन्याभराने काका निवृत्त झाले तेव्हा धाकट्या शेठनी खुर्ची मला दिली. कारण सरळ होतं. खोट मी पकडली होती, आणि सगळी पद्धत आता माझ्या हातावर चालत होती.

माझ्या मनासारखं झालं होतं सगळं. त्या दिवशी उत्तनवाल्याने सगळ्यांना चहा पाजला, स्वतःच्या पैशाने. मला चारचौघांत साहेब म्हणाला, आणि तेही इतकं सहज की त्यात काही चवच राहिली नाही. मी त्याच्या चेहऱ्यावर शोधत होतो. थोडी तरी निराशा, थोडा राग, निदान एक लांब श्वास. काही नाही. खुर्ची मागच्या दोन पायांवर, हात डोक्यामागे. मी हिला घरी सांगितलं की त्याला काही वाटलंच नाही. ही म्हणाली, चांगलंच आहे की. आता हिला काय सांगणार?

मग वर्षं गेली. मी खिडकीपाशी, तो समोर. मला वाटलं होतं, आता जळणं थांबेल. उलट वाढलं. पूर्वी तो माझ्यापेक्षा पुढे जाईल म्हणून जळायचो, आता त्याला पुढे जायचंच नव्हतं म्हणून जळायला लागलो. ज्या खुर्चीसाठी मी सगळा जीव टाकला ती याने बिडी द्यावी तशी देऊन टाकली होती. ती चुकलेली गाठ ठेवा म्हणाला तेव्हा त्याला कळलं नसेल का, काय जातंय ते? कळून दिली असेल तर तो माझ्यापेक्षा फार मोठा माणूस, आणि न कळता दिली असेल तर मी जिंकलो तरी कोणाला? रोज सकाळी गाठी मारताना हा एक विचार येऊन जायचाच. त्याला विचारायचं मात्र माझ्याने कधी झालं नाही.

आखातात ड्राफ्ट्समन लोकांना मागणी आली तेव्हा आमच्या भागातले बरेच गेले. तोही निघाला. बापाची होडी जुनी झाली होती, मुली मोठ्या होत होत्या. शेवटच्या दिवशी ऑफिसात हार झाला, नारळ झाला, धाकटे शेठ दोन शब्द बोलले. मी मुख्य, तेव्हा मलाही बोलावं लागलं. मी त्याच्या अक्षराबद्दल बोललो. दुसरं काय बोलणार होतो?

संध्याकाळी मी त्याला पोचवायला निघालो. केबिन रोडवरून रेल्वेचं फाटक ओलांडून पश्चिमेला, उत्तनची एसटी जिथे लागायची तिथपर्यंत. वाटेत त्याने चणे घेतले. हिने त्याच्या मुलींसाठी लाडू दिले होते, ते मी त्याला दिले. गाडी लागली, लोक चढले, त्याने पिशवी आत जागेवर ठेवली आणि परत दारात येऊन उभा राहिला.

"खुर्ची मला पायजे होती," तो म्हणाला.

मला वाटलं, मस्करी करतोय. पण तो माझ्याकडे बघत नव्हता, मूठ उघडून चण्यांकडे बघत होता.

मग तो बोलायला लागला तर थांबेना. म्हणाला, काका रोज तुझ्याकडं बोट दाखवायचे, बघा याची बैठक. माझ्याच्यानं तसं बसवत न्हवतं रे, पाठ धरायची, डोळे फिरायचे. फार वेळा केलं घरी, चटईवर बसून, जमलं न्हाय. तेव्हा म्हटलं, याचं बसनंच बंद करतो. त्या दोरीचं डोकं तुझ्यावर जळूनच चाललं माझं. आनि मंग तुझ्या हातून ती गाठ झाली. मी बघितली तेव्हाच कळलं मला, खुर्ची गेली. पन गाठ बराबर होती. बराबर हाय ती चूक कशी म्हनायची?

ड्रायव्हर चढला. गाडी थरथरायला लागली.

मी म्हटलं, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू खूश झाला असतास," तो म्हणाला. "तेवढं सुख कशाला देऊ तुला?"

आणि हसला, दाराच्या दांड्याला धरून. कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी राई-मुर्ध्याच्या रस्त्याला लागली. पुढे सुट्टीवर तो यायचा असं पास्कल सांगायचा, पण कारखान्यात कधी फिरकला नाही, आमच्याकडेही नाही. मग पास्कलही निवृत्त झाला आणि खबर यायची थांबली.

त्या संध्याकाळी मी परत निघालो तेव्हा खूश होतो, खोटं कशाला सांगू? जिवाला इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मीच एकटा जळत नव्हतो. त्याचीही पाठ धरत होती, त्याचंही पोट दुखत होतं, आणि शेवटी जिंकलो होतो मी. फाटकापर्यंत मी जवळजवळ पळतच आलो. फाटक बंद होतं. मालगाडी जात होती, लांबलचक, संपेना. तिथे उभा असताना मी मनात म्हटलं, उद्या सकाळी त्या खुर्चीत बसायची काय मजा येईल. आणि मग ध्यानात आलं की ती खुर्ची हवी असलेला माझ्याशिवाय सबंध भाईंदरात एकच माणूस होता, आणि त्याला मी आत्ताच गाडीत बसवून आलो होतो.